चॅप्टर १३ ची केस चॅप्टर ७ मध्ये वळवायची आहे. वाईच्या जमिनीचं काय होईल?

मेणवलीचा_घाट | ८ सप्टेंबर, रात्री ११.४०

नमस्कार. घरातले झोपल्यावर लिहितोय. आम्ही नवरा-बायको न्यू जर्सीत, भाड्याच्या घरात. २०२१ मध्ये सँडविचचं दुकान घेतलं, त्याच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिली आणि दीड वर्षात दुकानाला कुलूप लागलं. हमी आणि क्रेडिट कार्डं मिळून ९४,००० डॉलर अंगावर राहिले. जून २०२३ मध्ये दोघांनी एकत्र दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा दोघांचेही पगार चालू होते, चॅप्टर ७ च्या (त्यात केस सांभाळायला नेमलेला ट्रस्टी कायद्याने राखू दिलेली सोडून बाकीची मालमत्ता विकतो आणि उरलेलं कर्ज माफ होतं) मिळकतीच्या चाचणीत आम्ही बसत नव्हतो, म्हणून चॅप्टर १३, म्हणजे मालमत्ता राखून मिळकतीतून हप्ते भरायचे. पाच वर्षांचा प्लॅन, महिना १,२४० डॉलर. सत्तावीस हप्ते भरले, एकही चुकवला नाही.

मे महिन्यात माझी नोकरी गेली आणि तिच्याबरोबर विमाही. जूनमध्ये बायकोचं पित्ताशय मध्यरात्री काढावं लागलं, त्याचं बिल २३,६०० डॉलर. शेवटचे तीन हप्ते बेकारी भत्त्यातून गेलेत. पुढचा भरणं शक्य नाही. वकीलबाई म्हणतात, केस ७ मध्ये वळवू.

प्रश्न तीन. भरलेले पैसे वाया गेले का? हॉस्पिटलचं बिल अर्ज केल्यानंतरचं आहे, ते यात येतं का? आणि ज्यामुळे झोप लागत नाही तो प्रश्न: फेब्रुवारीत बाबा गेले. वाईजवळ तीन एकर शेत आहे आणि गावात जुना वाडा. सातबाऱ्यावर अजून बाबांचंच नाव आहे. भाऊ म्हणतो, केस वळवायच्या आधी माझ्या नावे हक्कसोडपत्र करून दे, म्हणजे जमीन घरात राहील. मी २०२३ च्या अर्जात यातलं काही लिहिलं नव्हतं. तेव्हा माझ्या नावावर काही नव्हतंच. काय करू?

चहाबाज | ९ सप्टेंबर, सकाळी ७.०५

वडिलांचं वाचून वाईट वाटलं. वहिनींची तब्येत कशी आहे आता? बाकीचं जाणकार सांगतीलच, पण तोवर कशावरही सही करू नका.

टेक्सासचा_तात्या | ९ सप्टेंबर, सकाळी ८.३०

मी २०१९ मध्ये हेच केलं, डॅलसमध्ये. पहिल्या दोन प्रश्नांपुरतं सांगतो.

१३ मधून ७ मध्ये जाणं हा कर्जदाराचा हक्क आहे. न्यायाधीशांची परवानगी लागत नाही. वकील कोर्टात एक नोटीस दाखल करतो, २५ डॉलर फी भरतो आणि त्या क्षणी केस ७ ची होते. माझी मंगळवारी दुपारी झाली. संध्याकाळी मी चुकून हप्त्याची तारीख बघायला कॅलेंडर उघडलं आणि तिथे बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

भरलेले पैसे: जे ट्रस्टीने सावकारांना वाटले ते गेले, म्हणजे तेवढं कर्ज फिटलं. पण जे ट्रस्टीच्या हातात अजून पडून आहेत आणि तुमच्या पगारातून आलेले आहेत, ते तुम्हाला परत मिळतात. यावर पूर्वी कोर्टाकोर्टांत मतभेद होते. २०१५ मध्ये हॅरिस विरुद्ध वीगलान या खटल्यात सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला, निकालपत्र न्या. गिन्सबर्ग यांचं. तो कर्जदार आमच्या टेक्सासचाच. घर आधीच हातचं गेलेलं आणि चार हजारांवर डॉलर ट्रस्टीकडे अडकलेले. कोर्ट म्हणालं, केस वळली की १३ च्या ट्रस्टीचं काम संपलं, त्याने पैसे वाटत बसू नये, ज्याचे त्याला द्यावेत.

हॉस्पिटलचं बिल: येतं. १३ चा अर्ज आणि केस वळवणं यांच्या मधल्या काळातलं कर्ज, केस वळली की अर्जाच्या आधीचं असल्यासारखं धरतात. मात्र त्याची यादी चौदा दिवसांत द्यावी लागते. घरात येणारं एकेक पाकीट उघडा. माझ्या वेळी ॲम्ब्युलन्सचं बिल वेगळ्या कंपनीचं होतं, ते जवळजवळ राहून जात होतं.

अबोली | ९ सप्टेंबर, सकाळी १०.१५

तात्या, माहिती बरोबर आहे, पण एवढी घाई का? सत्तावीस हप्ते भरून झालेत. मिळकत कमी झाली तर १३ चाच प्लॅन बदलून हप्ता खाली आणता येतो. आजारपण, नोकरी जाणं अशा हाताबाहेरच्या कारणांसाठी प्लॅन पुरा न होताही कर्जमुक्ती मागता येते, अर्थात तिच्या अटी आहेत. आधी हे पर्याय तपासा. शिवाय एकदा ७ मध्ये कर्जमुक्ती घेतली की पुन्हा ७ चा अर्ज करायला आठ वर्षं थांबावं लागतं.

टेक्सासचा_तात्या | ९ सप्टेंबर, सकाळी १०.५०

अबोलीताई, आठ वर्षं अर्जापासून अर्जापर्यंत मोजतात, आणि केस वळवली तरी मूळ अर्जाची तारीख बदलत नाही. म्हणजे यांची आठ वर्षं जून २०२३ पासूनच धावतायत. सव्वादोन वर्षं गेलीसुद्धा.

मेणवलीचा_घाट | ९ सप्टेंबर, दुपारी १.२०

चहाबाज, ती बरी आहे, पाळणाघरातलं अर्धवेळ काम पुन्हा सुरू केलंय. अबोलीताई, वकीलबाईंनी प्लॅन बदलायचा हिशोब करून बघितला. घरभाडं, किराणा आणि गाडी गेल्यावर महिन्याला उरतात उणे ३१० डॉलर. उण्यातून हप्ता कसा बसवणार? शिवाय हॉस्पिटलचं बिल प्लॅनच्या बाहेरच राहतं, ते लोक वेगळे फोन करतात.

खडकवासला | ९ सप्टेंबर, दुपारी २.१०

मग वळवाच. पण भाऊ सांगतोय त्यातही तथ्य आहे. जमीन बाबांच्या नावावर, मालक इथे, कायदा इथला. अमेरिकेतल्या ट्रस्टीला वाईचा तलाठी कोण ते माहीतही नसतं. हक्कसोड नोंदवायला दुय्यम निबंधकाकडे एक दुपार जाते, तुमचं कुलमुखत्यारपत्र पाठवलं की झालं. बापजाद्यांची जमीन सँडविचच्या कर्जात का घालवायची? मी हे मनापासून सांगतोय. माझ्या चुलत्यांनी सावकारीत जमीन घालवली, ती परत आली नाही.

निशिगंध | ९ सप्टेंबर, रात्री ९.४५

खडकवासला, तुमची तळमळ कळते, पण कृपा करून हा सल्ला मागे घ्या. मी याच वाटेने गेले आहे म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही २०१६ मध्ये ओहायोत चॅप्टर ७ चा अर्ज केला. नवऱ्याचा बारामतीकडच्या शेतात तिसरा हिस्सा होता. वकिलाने विचारलं, मालमत्ता? आम्ही म्हणालो, गाडी, फर्निचर. भारतातलं सांगायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. त्या कायद्यात मालमत्ता म्हणजे ‘कुठेही असलेली आणि कुणाच्याही ताब्यात असलेली’. हे शब्द मी नंतर पाठ केले.

ट्रस्टीसमोरच्या बैठकीत, जिला सगळे ३४१ म्हणतात, शपथ देऊन विचारलं गेलं, ‘परदेशात तुमचं काही आहे का? वारसाहक्काने काही मिळालंय किंवा मिळायचं आहे?’ नवरा माझ्याकडे बघायला लागला. दोन सेकंदच असतील. मग तो म्हणाला, हो, शेत आहे. आमच्या वकिलाने पेन टेबलावर ठेवलं. तो आवाज अजून आठवतो.

पुढचे तीन महिने कागद गोळा करण्यात गेले. कायद्याने जेवढी मालमत्ता कर्जदाराला राखता येते, म्हणजे जेवढी सूट मिळते, त्यापेक्षा हिस्सा जास्त किमतीचा निघाला. ७ मध्ये राहिलो असतो तर ट्रस्टी त्या हिश्शाच्या मागे लागला असता. म्हणून आम्ही उलट्या दिशेने गेलो, ७ मधून १३ मध्ये. तिथे जमीन राखता येते, पण तिच्या किमतीएवढे पैसे प्लॅनमधून सावकारांना द्यावे लागतात. पाच वर्षं दिले.

आम्हाला १३ मध्ये जाऊ दिलं ते नवऱ्याने त्या दोन सेकंदांनंतर खरं सांगितलं म्हणून, असं वकील म्हणाला. २००७ चा मरामाचा खटला आहे, सुप्रीम कोर्टाचा, पाच विरुद्ध चार. त्या माणसाने मेन राज्यातलं घर ट्रस्टच्या नावे करून ठेवलं होतं आणि अर्जात त्याची धड माहिती दिली नव्हती. ट्रस्टीने पकडल्यावर त्याने १३ मध्ये जायचं म्हटलं. कोर्ट म्हणालं, लबाडी करणाऱ्याला तो हक्क राहत नाही.

आणि केस चालू असताना भावाच्या नावे हक्कसोड? ती तर लपवाछपवीच समजतील. ट्रस्टी ती देवघेव रद्द करायला जाऊ शकतो, आणि कोर्ट सगळीच कर्जमुक्ती नाकारू शकतं. म्हणजे ९४,००० ही डोक्यावर आणि जमिनीचा वादही.

चहाबाज | ९ सप्टेंबर, रात्री १०.००

+१. ते पेन ठेवल्याचं वाचून मी चहा गॅसवर विसरलो.

वकील_सातारकर | १० सप्टेंबर, सकाळी ६.३० (भारत)

अमेरिकेच्या कायद्यावर मी बोलणार नाही, तो माझा प्रांत नाही. सातारा जिल्ह्यात वकिली करतो, म्हणून आपल्याकडची बाजू सांगतो, कारण सगळं तिच्यावर अडलेलं दिसतंय.

‘बापजाद्यांची जमीन’ हा शब्द आपण सैल वापरतो. कायद्यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वडिलांनी स्वतः विकत घेतलेली जमीन स्वकष्टार्जित. तिच्यावर वडील जिवंत असेतो मुलांचा काडीचा हक्क नाही. ते मृत्युपत्र न करता गेले की त्या दिवशी आई, मुलं, मुली यांना सारखा वाटा. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची मिळकत मात्र निराळी. तिच्यात मुलाला जन्मतःच हक्क, आणि हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीलाही. नाव सातबाऱ्यावर असो वा नसो. सातबारा हा मुळात महसुली उतारा आहे, मालकी त्याने ठरत नाही.

तेव्हा, मेणवलीकर, माझे प्रश्न: शेत कुणी घेतलं? खरेदीखत आहे का? वाडा कुणाचा होता, आणि त्याचं कधी वाटप झालं का? आजोबा १९५६ च्या, म्हणजे हा कायदा येण्याच्या, आधी गेले की नंतर, हेही बघा. त्याने फरक पडतो.

टेक्सासचा_तात्या | १० सप्टेंबर, सकाळी ७.१५

वकीलसाहेब, तुम्ही गाठच सोडवलीत! इकडचं जोडतो.

केस १३ मधून ७ मध्ये वळली की मूळ अर्जाच्या दिवशी जे तुमचं होतं आणि अजून तुमच्याकडे आहे, तेवढंच मालमत्तेत धरतात. वारसाहक्काची मुदत वेगळी: अर्जापासून १८० दिवसांत कुणी गेलं आणि तुम्हाला काही आलं, तर ते धरतात. इथे अर्ज जून २०२३, वडील गेले फेब्रुवारी २०२५. म्हणजे शेत वडिलांनी स्वतः घेतलेलं असेल, तर ७ मध्ये ते बाहेर राहायला हवं. वडिलोपार्जित असेल, तर २०२३ मध्येही तुमचा हक्क होताच आणि तो लिहायला हवा होता.

आता नीट वाचा. केस वाईट हेतूने वळवली असं ठरलं, तर मूळ अर्जाची तारीख सोडून देतात आणि केस वळवण्याच्या दिवशी जे जे तुमचं आहे ते सगळं धरतात. भावाच्या नावे गुपचूप हक्कसोड केलंत, तर जे शेत कायद्यानेच तुमचं राहणार होतं, तेच पणाला लागेल.

मेणवलीचा_घाट | १० सप्टेंबर, रात्री १०.३०

सकाळपासून चार वेळा वाचलं. भावाला फोन केला. आधी चिडला, मग गप्प झाला. बाबांची लोखंडी पेटी उघडायला सांगितलंय.

बेलापूरची_लेक | ११ सप्टेंबर, दुपारी १२.१०

थोडं विषयांतर, पण माझाही जीव टांगणीला आहे. आम्ही पेनसिल्व्हेनियात १३ मध्ये आहोत, आमचीही केस वळवायचं चाललंय. दागिन्यांचं काय? मंगळसूत्र, सासूबाईंनी दिलेल्या पाटल्या, आईचा तन्मणी. ते काढून घेतात का?

निशिगंध | ११ सप्टेंबर, दुपारी १.००

अगं, घाबरू नकोस. अंगावरून कुणी काढत नाही. पण लिहावं लागतं. काही राज्यांत, त्यात तुमचं पेनसिल्व्हेनियाही आलं आणि न्यू जर्सीही, सूट मिळणाऱ्या मालमत्तेची केंद्राची यादी निवडता येते. २०२२ ते मार्च २०२५ दरम्यान अर्ज केलेल्यांना दागिन्यांची सूट माणशी १,८७५ डॉलर, एप्रिल २०२५ पासून २,१२५. शिवाय कशालाही लावता येते अशी एक मोकळी सूट असते, १,४७५ डॉलर. स्वतःचं घर नसेल तर घराच्या न वापरलेल्या सुटीतले १३,९५० पर्यंत तिच्यात आणखी मिळवता येतात. म्हणजे भाड्याने राहणाऱ्याला माणशी १५,४२५ डॉलरची मोकळी सूट. हे आकडेही २०२२ च्या यादीतले. सोन्याची किंमत विकायला गेल्यावर मिळेल ती धरतात, घडणावळ नाही. मी सराफाकडून लेखी घेतलं होतं आणि खिडकीपाशी पांढऱ्या टॉवेलवर मांडून फोटो काढले होते.

पाटल्या सासूबाईंनी तुला दिल्यात की ठेवायला दिल्यात, हेही खरं असेल तसंच सांग.

बेलापूरची_लेक | ११ सप्टेंबर, दुपारी १.२५

दिल्यात. लग्नात, सगळ्यांसमोर. ताई, आज जेवण जाईल.

सिअ‍ॅटलकर | ११ सप्टेंबर, संध्याकाळी ६.००

माझी केसही १३ मध्ये, २०२२ पासून, पण स्वतःचं घर आहे. तेव्हा घरात कर्ज वजा जाता फारसं काही उरत नव्हतं. आता किंमत दीड लाखाने वाढलीय. तात्या म्हणतात मूळ तारखेची मालमत्ता धरतात, म्हणजे वाढलेली किंमत माझीच ना? मग मीही वळवतो.

टेक्सासचा_तात्या | ११ सप्टेंबर, संध्याकाळी ६.२०

थांबा, थांबा! तुमच्याकडे नाही. यावर कोर्टांत फूट आहे. कोलोरॅडोतल्या बरेरा दांपत्याच्या प्रकरणात दहाव्या सर्किटने (सर्किट म्हणजे काही राज्यांसाठीचं केंद्राचं अपील कोर्ट) २०२२ मध्ये कर्जदारांच्या बाजूने निकाल दिला, पण तुमचं वॉशिंग्टन राज्य नवव्या सर्किटमध्ये येतं. तिथला २०२३ चा कॅसलमनचा निकाल उलटा आहे, आणि तो खटला तुमच्याच राज्यातला. १३ चा अर्ज केला तेव्हा घर पाच लाखांचं होतं, केस वळवेपर्यंत सुमारे दोन लाखांनी वाढलं, आणि कोर्ट म्हणालं, वाढही सावकारांसाठीच. ट्रस्टी घर विकायला काढू शकतो. तुम्ही नोटीस दाखल करून बसलात तर परतीची वाट तुमच्या हातात राहत नाही.

सिअ‍ॅटलकर | ११ सप्टेंबर, संध्याकाळी ६.४०

उद्या सकाळी वकिलाला गाठतो. मुलीची खोली नुकतीच रंगवली होती हो.

मावशी_एडिसन | १२ सप्टेंबर, सकाळी ९.००

कायद्यातलं मला कळत नाही, पण एक बोलते. आमच्या शाळेत गरीब मुलांना फी माफ असायची, त्याला नादारी म्हणत. नादार विद्यार्थी हजेरीत पहिला असायचा आणि कुणी त्याला हिणवत नसे. मोठ्या माणसाची नादारी निघाली की मात्र आपण कुजबुजतो, दिवाळं वाजलं म्हणतो. मेणवलीच्या मुला, तू सत्तावीस हप्ते भरलेस, नोकरी गेल्यावरही तीन. तुझ्या आईला तूच सांग, दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस.

खडकवासला | १२ सप्टेंबर, सकाळी ९.४०

मावशी, खरं आहे. माझा परवाचा सल्ला मी मागे घेतो. चुलत्यांचं दुःख मनात होतं, त्या भरात लिहिलं. पण एक विचारतो: भारतात सामान्य माणसाला अशी सोय का नाही?

वकील_सातारकर | १२ सप्टेंबर, रात्री ८.१५

सोय कागदावर आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी अख्खा तिसरा भाग आहे, पण १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू केला तो कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. बाकीच्यांना मुंबईत १९०९ चा कायदा आणि उरलेल्या महाराष्ट्रात १९२० चा. मी वकिलीच्या एकोणीस वर्षांत नादारीचे तीन अर्ज पाहिले. कर्ज झालेला माणूस कोर्टात येतच नाही, आधी गाव सोडतो.

चहाबाज | १३ सप्टेंबर, सकाळी ८.००

आणि ग्रीन कार्डाला, नागरिकत्वाला याने धक्का लागतो का?

अबोली | १३ सप्टेंबर, सकाळी ८.४५

नुसत्या दिवाळखोरीने नाही. नागरिकत्वाच्या अर्जात थकलेल्या करांबद्दल विचारतात, ते सांभाळा. माझ्या दिराने ७ नंतर दोन वर्षांनी शपथ घेतली. क्रेडिट रिपोर्टवर मात्र ७ ची नोंद दहा वर्षं राहते.

मेणवलीचा_घाट | २ ऑक्टोबर, रात्री ११.१०

पेटी उघडली. वर आमच्या शाळेच्या गुणपत्रिका, खाली बाबांची पेन्शनची कागदपत्रं, आणि तळाशी पिवळ्या रुमालात बांधलेलं खरेदीखत. १९८४ चं, बाबांच्या एकट्याच्या नावे. प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून घेतलं होतं, आईला आठवतंय. म्हणजे शेत स्वकष्टार्जित. वाडा मात्र पणजोबांपासूनचा, कधीच वाटप न झालेला.

वकीलसाहेबांशी फोनवर बोललो (त्यांनी फी घेतली नाही, इथे जाहीर सांगतो). त्यांच्या मते २०२३ मध्ये वाड्याचं वाटप झालं असतं, तर बाबा, आई, आम्ही दोघे भाऊ आणि बहीण असे पाच हिस्से. वाड्याची किंमत तीस लाख धरली तर माझे सहा लाख, तेव्हाच्या दराने सात हजार डॉलरच्या आसपास. वकीलबाईंनी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत? मी म्हटलं, नावावर नसलेलं माझं असतं हे मला माहीत नव्हतं. त्यांनी थोडा वेळ काही लिहिलं आणि म्हणाल्या, मोकळ्या सुटीत बसतंय, पण लिहायचं सगळं. शेतही लिहायचं, कधी आणि कसं आलं त्यासकट.

२९ सप्टेंबरला नोटीस दाखल झाली. हॉस्पिटल, भूलतज्ज्ञ आणि लॅब अशी तीन वेगळी बिलं यादीत घातली. गाडीचं तात्यांनी लिहिलं नव्हतं म्हणून सांगतो: १३ मध्ये तिचं व्याज कमी करून घेतलं होतं, ती सवलत आता संपली. ठेवायची तर मूळ करारानुसार भरा. आम्ही परत देतोय. शेजारच्यांनी त्यांची जुनी गाडी चार महिन्यांसाठी दिली आहे.

टेक्सासचा_तात्या | ३ ऑक्टोबर, सकाळी ७.००

बरं झालं सांगितलंत, माझी गाडी फिटलेली होती म्हणून तो मुद्दा राहिला.

निशिगंध | ३ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

मीटिंगच्या आधी खरेदीखताचं इंग्रजी भाषांतर करून घ्या, आणि ट्रस्टीला आठवडाभर आधी पाठवा.

मेणवलीचा_घाट | ५ नोव्हेंबर, रात्री ९.००

काल ३४१ ची बैठक झाली, झूमवर. नवा ट्रस्टी, वयस्कर, चष्मा कपाळावर. आमच्या आधी सहा जणांच्या केस झाल्या, प्रत्येकी पाच-सहा मिनिटं. आम्ही स्वयंपाकघराच्या टेबलाशी, मागे कुकर दिसू नये म्हणून बायकोने चादर लावलेली. लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं, शपथ झाली.

त्याने भाषांतर वाचलेलं होतं. विचारलं, ‘शेताची ही खरेदी तुमच्या वडिलांची? त्यांचं निधन कधी झालं?’ तारीख सांगितली. मृत्यूचा दाखला दाखवला. मग वाडा. ‘तुमचा हिस्सा एक पंचमांश, आणि आत कोण राहतं?’ म्हटलं, माझी आई. त्याने चष्मा खाली घेतला, काहीतरी टिपलं आणि विचारलं, ‘गेल्या चार वर्षांत तुम्ही कुणाला काही दिलंत, विकलंत, नावावर करून दिलंत?’

नाही म्हणालो. हे ‘नाही’ म्हणताना मला तुम्ही सगळे आठवलात. खडकवासला, तुम्हीसुद्धा. नऊ मिनिटांत संपलं.

खडकवासला | ५ नोव्हेंबर, रात्री ९.२०

डोळे भरून आले. आईंना नमस्कार सांगा.

बेलापूरची_लेक | ५ नोव्हेंबर, रात्री १०.१०

आमची पुढच्या महिन्यात आहे. टॉवेलवरचे फोटो काढून झाले! पाटल्या तासून बघायला सराफाने मागितल्या तेव्हा मी दिल्या नाहीत, नुसत्या वजनावर लिहून घेतलं.

मेणवलीचा_घाट | १४ जानेवारी, सायंकाळी ७.३०

संक्रांतीच्या शुभेच्छा. धागा वर काढतोय, कारण तिन्ही प्रश्नांची उत्तरं आली. सप्टेंबरचा हप्ता ट्रस्टीने वाटलेला नव्हता, तो १,२४० चा चेक नोव्हेंबरातच परत आला. वाटण्यासारखं काही नाही असा अहवाल नव्या ट्रस्टीने दिला. आणि गेल्या शुक्रवारी कर्जमुक्तीचा आदेश आला, हॉस्पिटलच्या तिन्ही बिलांसकट. मला डिसेंबरपासून काम मिळालंय, पगार पूर्वीपेक्षा कमी, पण विमा आहे.

आईला मी सप्टेंबरातच सांगितलं होतं, मावशी. ती म्हणाली, ‘तुझ्या बाबांनीही जमीन घेताना दोन वर्षं सोसायटीचे हप्ते थकवले होते, तुला कुणी सांगितलं नाही.’

नवखा_१३ | १६ जानेवारी, रात्री ११.५५

सगळा धागा वाचला. आमचा १३ चा चौदावा महिना, नॉर्थ कॅरोलिना. सासरे ऑगस्टमध्ये गेले. बायकोच्या माहेरी सोलापुराकडे जमीन आहे, पण तिच्या भावांनी वारस नोंदीत तिचं नाव घातलेलंच नाही. म्हणजे तिचं काही नाही असंच लिहायचं ना?

वकील_सातारकर | १७ जानेवारी, सकाळी ६.४५ (भारत)

नाव घातलं नाही म्हणून हक्क जात नाही. मुलगी आहे, वाटा आहे. फेरफाराची नक्कल काढा आणि जमीन कुणी, कधी घेतली ते आधी शोधा.

टेक्सासचा_तात्या | १७ जानेवारी, सकाळी ७.१०

आणि नॉर्थ कॅरोलिना चौथ्या सर्किटमध्ये येतं. १३ चालू असताना १८० दिवसांनंतर आलेला वारसाही तिथे मालमत्तेत धरतात, असा २०१३ चा निकाल आहे. तुम्ही अजून १३ मध्येच आहात, तेव्हा केस वळवायचा विचार करण्याआधी, याच आठवड्यात वकिलाला सांगा. दोघांनी एकत्र अर्ज केलाय की एकट्याने?

नवखा_१३ | १७ जानेवारी, सकाळी ७.४०

एकत्र. सोमवारची वेळ घेतली आहे. बायको आत्ता भावाला फोन लावतेय.